इटालियन ऑपेरा आणि बरोक संगीत: रेकॉर्डिंग ऐकायला सुरुवात कुठून करायची

ऑपेरा ऐकून बघू म्हणून बरेच जण यूट्यूबवर 'सर्वोत्तम आरिया' अशी एखादी यादी लावतात. अर्ध्या तासात दहा गायक दहा वेगवेगळ्या नाटकांतली दहा पदं म्हणून जातात. कोण कोणावर चिडलंय, कोण कशासाठी रडतंय, काही पत्ता लागत नाही. आवाज फार मोठे होते, एवढंच लक्षात राहतं आणि ऐकणारा पुन्हा तिकडे फिरकत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोष संगीताचाही नसतो आणि ऐकणाऱ्याचाही नसतो. दोष असतो सुरुवात करण्याच्या पद्धतीत.

माझी पद्धत सरळ आहे. एकच प्रवेश निवडा. त्याचे शब्द आणि अर्थ समोर ठेवा. तो दोन-तीनदा ऐका. मग तोच प्रवेश दुसऱ्या कलाकारांकडून ऐका. हे दुसरं ऐकणं सगळ्यात महत्त्वाचं. कागदावरचं संगीत मुकं असतं, आणि प्रत्येक रेकॉर्डिंग म्हणजे त्या संगीताचा एक प्रयोग असतो. दोन प्रयोगांतला फरक ज्या दिवशी तुमच्या कानाला पहिल्यांदा जाणवेल, त्या दिवसापासून तुम्ही खऱ्या अर्थाने ऐकायला लागलात.

थोडी ओळख

ऑपेरा म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायलेलं नाटक. इ. स. १६०० च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये त्याचा जन्म झाला. १६०७ मध्ये मांतुआच्या दरबारात मोंतेव्हेर्दीचा 'ऑर्फेओ' झाला. आजही नियमितपणे रंगमंचावर येणाऱ्या ऑपेरांमध्ये हा सगळ्यात जुन्यांपैकी एक. १६३७ मध्ये व्हेनिसला सान कास्सियानो हे तिकीट काढून बघायचं पहिलं सार्वजनिक ऑपेरागृह उघडलं आणि दरबारी करमणूक लोकांची झाली. साधारण १६०० ते १७५० हा काळ बरोक म्हणून ओळखला जातो. विवाल्डी आणि हँडल या काळातले. हँडल जन्माने जर्मन आणि राहायला लंडनमध्ये, पण त्याने ऑपेरा लिहिले ते इटालियनमध्ये. रोसिनी, दोनिझेत्ती, वेर्दी, पुच्चिनी ही नंतरची मंडळी, एकोणिसाव्या शतकातली आणि विसाव्याच्या सुरुवातीची.

तीन शब्द लक्षात ठेवले की काम भागतं. आरिया म्हणजे पद. रेसिटेटिव्ह म्हणजे बोलण्याच्या लयीत गायलेले संवाद, ज्यातून गोष्ट पुढे सरकते. लिब्रेटो म्हणजे नाटकाची संहिता. बाकीचे शब्द ऐकता ऐकता आपोआप कळतील.

ऐकण्याआधीची तयारी

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून खालचे स्वर येतच नाहीत आणि बरोक संगीताचा सगळा डोलारा खालच्या स्वरांवर उभा असतो. साधे इअरफोन चालतील.

ॲपमध्ये शफल बंद करा. ऑपेराचा एक अंक रेकॉर्डिंगमध्ये वीस-पंचवीस तुकड्यांत कापलेला असतो आणि ते तुकडे सलग वाजायला हवेत, त्यामुळे दोन ट्रॅकमधली शांतता काढून टाकण्याची सोय असेल तर ती चालू करा. सगळी गाणी सारख्याच आवाजात ऐकवणारी सोय मात्र बंद ठेवा. या संगीतात कुजबुज आणि गर्जना यांतलं अंतर मुद्दाम राखलेलं असतं.

शब्दांचं काय? जुन्या ऑपेरांच्या संहिता स्वामित्वहक्काच्या बाहेर आहेत. मूळ इटालियन आणि शेजारी इंग्रजी भाषांतर अशा दोन रकान्यांत त्या इंटरनेटवर मोफत मिळतात. त्यावरून प्रत्येक पदाचा गाभा मराठीत एका ओळीत स्वतः लिहून काढा. 'ती म्हणते, मेल्यावर भूत होऊन याला छळीन', एवढंच. ही दहा मिनिटांची मेहनत पुढच्या सगळ्या ऐकण्याला पुरते.

पहिली पायरी: शब्दांशिवाय अडीच मिनिटं

भाषेची अडचण सुरुवातीलाच नको, म्हणून विवाल्डीपासून सुरू करा. त्याचे 'चार ऋतू' हे चार व्हायोलिन कॉन्चेर्तो, म्हणजे एक मुख्य व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, १७२५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले. प्रत्येक ऋतूसोबत एक सुनीत छापलेलं होतं आणि त्यातल्या ओळी वाद्यांच्या स्वरलेखनातही जागोजाग दिलेल्या होत्या. 'वसंत'चा पहिला भाग जाहिरातींतून आणि फोनच्या रिंगटोनमधून सगळ्यांनी ऐकलेला आहे. तो सोडा आणि दुसरा भाग लावा. तो संथ आहे, जेमतेम अडीच मिनिटांचा.

इथे एकाच वेळी तीन गोष्टी चालू आहेत. मुख्य व्हायोलिन म्हणजे झोपलेला गुराखी, त्याचा सूर लांब आणि निवांत. बाकीची व्हायोलिनं हळू आवाजात हेलकावत राहतात, ती पानांची सळसळ. आणि व्हिओला हे वाद्य ठरावीक अंतराने दोन-दोन स्वर देत राहतं. त्याच्या वर विवाल्डीने लिहिलंय की हा भुंकणारा कुत्रा आहे, आणि वाजवायचं ते सतत जोरात, ओरबाडल्यासारखं. चेलो आणि खालची वाद्यं या भागात गप्प आहेत, म्हणून सगळं अधांतरी तरंगल्यासारखं वाटतं.

आता दोन रेकॉर्डिंग ऐका. पहिलं १९५९ चं, 'इ मुझिची' या इटालियन वाद्यवृंदाचं, मुख्य व्हायोलिनवर फेलिक्स आयो. सूर गोल, भरदार, देखणा. कुत्रा आहे, पण सभ्य आहे, गुराख्याची झोप मोडू नये याची काळजी घेणारा. दुसरं १९९० च्या दशकातलं, मिलानच्या 'इल जार्दिनो आर्मोनिको'चं, संचालन जोव्हान्नी अंतोनिनी, व्हायोलिन एन्रिको ओनोफ्री. इथे व्हिओला खरोखर भुंकते. स्वर कानाला खरखरीत लागतो, आणि त्या खरखरीमुळेच वरच्या सुराची झोप जास्त गाढ वाटते.

स्वर तेच, कागद तोच. मधल्या काळात घडलं ते असं: काही वादकांनी जुन्या पद्धतीची वाद्यं परत हातात घेतली. धातूच्या तारांऐवजी आतड्याच्या तारा, वेगळ्या बाकाचा गज, आणि सूर आजच्यापेक्षा साधारण अर्ध्या स्वराने खाली. जुनी हस्तलिखितं आणि त्या काळची वादनाची पुस्तकं त्यांनी नव्याने वाचली. 'जोरात, ओरबाडून' असं लिहिलंय तर तसं वाजवूनच बघू, हा त्यांचा बाणा होता. मला दुसरं रेकॉर्डिंग जास्त आवडतं हे उघड आहे, पण पहिल्याला जुनाट म्हणून मोडीत काढू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर विवाल्डी घराघरांत पोचला तो अशाच रेकॉर्डमधून.

दुसरी पायरी: एक अंक, एक खोली, एक खिडकी

आता नाटक. पुच्चिनीचा 'तोस्का', १४ जानेवारी १९०० रोजी रोममध्ये पहिल्यांदा झाला. गोष्ट जून १८०० च्या रोममधली. चित्रकार काव्हारादोस्सी एका पळून आलेल्या राजकीय कैद्याला लपवतो. त्याची प्रेयसी तोस्का ही गायिका आहे. पोलीसप्रमुख स्कार्पियाला तो कैदीही हवा आहे आणि तोस्काही. पूर्ण ऑपेरा दोन तासांच्या आत संपतो, पण तुम्ही फक्त दुसरा अंक घ्या. अंदाजे पाऊण तास.

रेकॉर्डिंग १९५३ चं: मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाचा वाद्यवृंद, संचालक, म्हणजे वाद्यवृंद चालवणारा, व्हिक्टर द साबाता, तोस्का मारिया कॅलस, काव्हारादोस्सी जुझेप्पे दि स्तेफानो, स्कार्पिया तितो गोब्बी. मोनो, म्हणजे स्टिरिओ नसलेलं, ध्वनिमुद्रण आहे. त्याने बिचकू नका, पाच मिनिटांत कान सरावतात.

अंक उघडतो तेव्हा स्कार्पिया आपल्या दालनात जेवायला बसलेला आहे. खालच्या मजल्यावर नेपोलियनच्या पराभवाचा उत्सव चालू आहे आणि तोस्का तिथे गाणार आहे. खिडकी उघडी आहे. चित्रकाराला पकडून आणतात, चौकशी सुरू होते, आणि खालून समूहगान येऊ लागतं. त्यावर तोस्काचा आवाज, लांबून. इकडे खोलीत प्रश्नोत्तरं: कैदी कुठे आहे? माहीत नाही. खाली ईश्वराची स्तुती, वर धमकी, दोन्ही एकाच वाद्यवृंदावर. शेवटी स्कार्पिया वैतागून खिडकी धाडकन बंद करतो आणि गाणं तिथल्या तिथे तुटतं. हा क्षण नेमका पकडा. आत्तापर्यंत बाहेरचं गाणं दृश्याला आधार देत होतं, आता त्या खोलीत चित्रकाराच्या बाजूने बोलणारं काहीच उरलं नाही. पुच्चिनीने ही भीती एक आवाज बंद करून निर्माण केली आहे.

पुढे शेजारच्या खोलीत चित्रकाराचा छळ होतो आणि त्याच्या किंकाळ्या दारातून ऐकू येतात. तोस्का कोसळते आणि लपण्याची जागा सांगून टाकते. तेवढ्यात बातमी येते की पराभवाची वार्ता खोटी होती, नेपोलियन जिंकला. मग स्कार्पिया आपला सौदा मांडतो: तोस्काने स्वतःला त्याच्या हवाली करावं, तर चित्रकाराचा जीव वाचेल. तेव्हा ती 'व्हिस्सी द'आर्ते' हे पद गाते, 'मी कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, कोणाचं वाईट केलं नाही, मग देवा, हे फळ का?' यादीत एकटं ऐकताना हे नुसतं सुरेल पद वाटतं. जवळपास अर्ध्या तासाच्या कोंडीनंतर ते आलं की श्वास अडकतो. याच कारणासाठी मी याद्यांच्या विरोधात आहे.

आता दुसरा प्रयोग. १९६४ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात हाच दुसरा अंक दूरचित्रवाणीसाठी चित्रित झाला. पुन्हा कॅलस आणि पुन्हा गोब्बी, अकरा वर्षांनंतर. कृष्णधवल चित्र. कॅलसचा आवाज आता १९५३ सारखा उरलेला नाही, वरचे स्वर हलतात. पण तिची नजर टेबलावरच्या सुरीकडे जाते तो क्षण बघा. त्यानंतर पुन्हा १९५३ चं नुसतं ध्वनिमुद्रण ऐका. आवाजातच किती अभिनय होता ते आता ऐकू येईल.

तिसरा प्रयोग आपल्या माणसाचा आहे. जुलै १९९२ मध्ये 'तोस्का' रोममधल्या प्रत्यक्ष जागी आणि प्रत्यक्ष वेळी सादर करून दूरचित्रवाणीवरून थेट दाखवला गेला. पहिला अंक दुपारी सांत'आंद्रेआ देल्ला व्हाल्ले या चर्चमध्ये, दुसरा संध्याकाळी फार्नेझे प्रासादात, तिसरा दुसऱ्या दिवशी पहाटे सांत'आंजेलो किल्ल्यावर. संचालक होते मुंबईत जन्मलेले झुबीन मेहता. ते आणि वाद्यवृंद स्टुडिओत, गायक कितीतरी लांब, आणि दोघांना जोडणारे फक्त पडदे आणि ध्वनिक्षेपक. कॅथरिन मालफितानो, प्लासिदो दोमिंगो आणि रुज्जेरो राइमोंदी यांनी हे निभावलं. ध्वनी म्हणून १९५३ ची सर याला नाही, पण गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहायला यासारखं दुसरं काही नाही.

तिसरी पायरी: हँडलची क्लिओपात्रा आणि परत येणारा मुखडा

बरोक ऑपेरात माणसं सुरुवातीला अडखळतात ती एका गोष्टीवर: 'हे तेच तेच पुन्हा का गातात?' त्याचं उत्तर एका पदातच मिळेल.

हँडलचा 'जूलिओ चेझारे', म्हणजे जूलियस सीझर, १७२४ मध्ये लंडनला झाला. पूर्ण ऐकायला साडेतीन तासांच्या आसपास लागतात. आज फक्त तिसऱ्या अंकातलं 'प्यांजेरो ला सोर्ते मिया' घ्या. क्लिओपात्राला तिच्याच भावाने, तोलेमेओने, कैद केलं आहे. सीझर बुडून मेला असं तिला वाटतं. पदाचा पहिला भाग संथ: 'जिवात जीव असेपर्यंत माझ्या या क्रूर नशिबावर मी रडेन.' मग एकदम गती वाढते: 'पण मेल्यावर भूत होऊन त्या जुलमी माणसाला रात्रंदिवस छळीन.' आणि मग पुन्हा पहिला भाग.

या रचनेला 'दा कापो' म्हणतात, म्हणजे 'पुन्हा पहिल्यापासून'. कागदावर हँडल पुनरावृत्ती लिहितसुद्धा नाही, नुसती खूण करतो. कारण परत येताना गायकाने त्यात स्वतःची भर घालायची, हे त्या काळी गृहीतच होतं. इथे मराठी श्रोत्याच्या हाताशी एक तयार कान आहे. नाट्यपदात तानेनंतर गायक मुखड्यावर परत येतो तेव्हा तो मुखडा पहिल्यासारखा राहिलेला नसतो, आणि आपलं सगळं लक्ष त्या बदलाकडे असतं. क्लिओपात्राकडे त्याच कानाने जा. पहिल्यांदा रडणारी बाई कैदी होती. मधे तिने सूड बोलून दाखवला. आता तेच शब्द, तीच चाल, पण ही बाई वेगळी आहे. गायिकेने घातलेल्या हरकती नुसती सजावट आहेत की त्यांतून हा फरक दिसतो? बरोक गायनाची परीक्षा इथे होते.

पहिल्यांदा २००५ चा, इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्न ऑपेरा महोत्सवाचा चित्रित प्रयोग बघा. संचालक विल्यम क्रिस्टी, दिग्दर्शक डेव्हिड मॅकव्हिकर, क्लिओपात्रा डॅनिएल दी नीस. मॅकव्हिकरने रोमनांना ब्रिटिश साम्राज्याच्या गणवेशात उभं केलं आणि क्लिओपात्राच्या नाचात हिंदी सिनेमाच्या लकबी आणल्या. हे आपल्या लगेच लक्षात येतं. मला तो प्रयोग त्याच्या खेळकरपणासाठी प्रिय आहे, आणि नव्या माणसाला साडेतीन तास बसवून ठेवण्याची ताकद त्यात आहे. नंतर मार्क मिन्कोव्स्कीच्या संचालनातलं मॅग्दालेना कोझेनाचं ध्वनिमुद्रण ऐका, आणि त्यानंतर १९६७ चं, ज्युलियस रुडेलच्या संचालनातलं, बेव्हर्ली सिल्सचं.

१९६७ च्या त्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक गोष्ट सापडेल: सीझर भारदस्त पुरुषी आवाजात गातो. हँडलने मात्र ती भूमिका सेनेसिनो या कास्त्रातोसाठी लिहिली होती. वयात येण्याआधीच ज्यांचं खच्चीकरण केलं जायचं, त्या पुरुष गायकांना कास्त्रातो म्हणत. आवाज उंच, छाती प्रौढ माणसाची. ही क्रूर प्रथा संपली आणि भूमिका मागे उरल्या. मग आज काय करायचं? एक उपाय, स्वर सप्तकभर खाली आणून पुरुषाला द्यायचे. रुडेलने तेच केलं, आणि भरपूर काटछाटही केली. दुसरा उपाय, स्त्री-गायिका. ग्लाइंडबोर्नला सीझर सारा कॉनोली आहे. तिसरा, काउंटर-टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाण्याची तालीम घेतलेला पुरुष. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग महोत्सवात २०१२ मध्ये सीझर होता आंद्रेआस शोल. पहिला उपाय मला पटत नाही. सप्तक खाली गेलं की सीझर आणि क्लिओपात्रा यांचे आवाज एकमेकांत गुंफायचे थांबतात.

एकट्या कास्त्रातोच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण एकाच माणसाचं आहे. व्हॅटिकनमधला अलेस्सांद्रो मोरेस्की, १९०२ आणि १९०४. पण तो चर्चमधला गायक होता, ऑपेरातला नव्हे. त्यावरून सेनेसिनोचा अंदाज बांधू नका.

काउंटर-टेनर आवाजांची मेजवानी हवी असेल तर लेओनार्दो व्हिंचीचा 'आर्तासेर्से' बघा. हा संगीतकार, चित्रकार लिओनार्दो वेगळा. १७३० मध्ये हा ऑपेरा रोमला झाला तेव्हा तिथे बायकांना रंगमंचावर बंदी होती, त्यामुळे सगळ्या भूमिका पुरुषांनीच केल्या. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या नान्सीला पाच काउंटर-टेनर आणि एक टेनर, म्हणजे नेहमीच्या उंच पुरुषी आवाजाचा गायक, घेऊन तो पुन्हा उभा केला गेला आणि चित्रितही झाला. फिलिप जारुस्की आणि माक्स एमानुएल चेंचिच त्यात आहेत, आणि फ्रांको फाजोलीने पहिल्या अंकाच्या शेवटी म्हटलेलं 'व्हो सोल्कांदो' ऐकून प्रेक्षागृह वेडं झालेलं दिसतं. बालगंधर्वांच्या मुलखातल्या माणसाला ते दृश्य विचित्र वाटणार नाही.

चौथी पायरी: आता पूर्ण नाटक

सुरुवातीला आखूड आणि वेगवान ऑपेरा घ्या. पुच्चिनीचा 'ला बोएम' दोन तासांच्या आत संपतो. १९७२ चं, संचालक हर्बर्ट फॉन करायानचं ध्वनिमुद्रण, लुचानो पाव्हारोत्ती आणि मिरेल्ला फ्रेनी, डोळे मिटून घ्या. हसायचं असेल तर रोसिनीचा 'सेव्हिलचा न्हावी'. जाँ-पिएर पोनेलने १९७२ मध्ये केलेला त्याचा चित्रपट, संचालक क्लाउदियो आब्बादो, अजूनही ताजा आहे.

वेर्दीचा 'ला त्राव्हियाता' मात्र दोनदा बघा. १८५३ ला व्हेनिसमध्ये पहिला प्रयोग पडला होता, पुढे तो जगातल्या सगळ्यात लाडक्या ऑपेरांपैकी एक झाला. एकदा फ्रांको झेफिरेल्लीचा चित्रपट बघा: तेरेसा स्त्रातास, दोमिंगो, झुंबरं, मखमल, सगळा थाट. मग साल्झबुर्गचा २००५ चा प्रयोग: आन्ना नेत्रेब्को, रोलांदो व्हियासोन. मंच जवळपास रिकामा, एक प्रचंड घड्याळ आणि नायिकेचा लाल पोशाख. क्षयाने मरत असलेल्या बाईची गोष्ट आहे, तेव्हा ते घड्याळ कशाचं हे सांगावं लागत नाही.

एका बैठकीत एकच अंक. मूळ प्रयोगांतही मध्यंतरं होतीच.

रेकॉर्डिंग निवडताना

बरोक रचना शोधताना नावापेक्षा क्रमांक भरवशाचा. विवाल्डीच्या रचनांना 'आरव्ही' क्रमांक असतात, 'वसंत' म्हणजे आरव्ही २६९. हँडलच्या रचनांना 'एचडब्ल्यूव्ही', 'जूलिओ चेझारे' म्हणजे १७. शोधताना इटालियन स्पेलिंग आणि हा क्रमांक एकत्र टाकला की नेमकी रचना सापडते. त्यासोबत संचालकाचं नाव आणि साल टाका. एकच जुनं रेकॉर्डिंग पाच-सहा वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली विकलं जातं. शीर्षकात 'हायलाइट्स' असेल तर ते निवडक तुकडे आहेत, पूर्ण ऑपेरा नाही.

बरोकसाठी विश्वासाचे वाद्यवृंद: लेझार फ्लोरिसां, युरोपा गालांते, कॉन्चेर्तो इतालियानो, अकादेमिया बिझांतीना, इल पोमो द'ओरो. यांतलं काहीही उचला, निराशा होणार नाही.

फार जुनी रेकॉर्ड मात्र थोडी थांबून ऐका. साधारण १९२५ पर्यंत रेकॉर्ड करताना मायक्रोफोन वापरत नसत, गायक कर्ण्यात गायचा. एप्रिल १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने मिलानच्या एका हॉटेलात टेनर एन्रिको कारुसोच्या रेकॉर्डच्या दहा बाजू पियानोच्या साथीवर मुद्रित केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हाच गाइसबर्ग कलकत्त्यात गायिका गौहर जानचा आवाज मुद्रित करत होता. गौहर जानची ती रेकॉर्ड ऐकताना खरखरीपलीकडचा आवाज तुम्हाला सापडला असेल, तर कारुसोही सापडेल.

बघायचं कुठे

ऑपेराव्हिजन या युरोपीय मंचावर वेगवेगळ्या ऑपेरागृहांचे पूर्ण प्रयोग सबटायटल्ससह मोफत असतात, पण ते ठरावीक काळापुरतेच, म्हणून दिसलं की बघून घ्यावं. आर्ते या फ्रेंच-जर्मन वाहिनीच्या संगीतविभागात बरोक भरपूर असतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा साठा मोठा आहे, तो पैसे भरून. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात मेटचे, म्हणजे मेट्रोपॉलिटनचे, प्रयोग मोठ्या पडद्यावर दाखवले गेले आहेत. तो योग आला तर चुकवू नका. आणि गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस, १९११ मध्ये सुरू झालेलं, बरीच वर्षं बंद राहून २०१६ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा तिथे मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या गायिका, पॅट्रिशिया रोझारिओ गायल्या. त्यांची बरोक रेकॉर्डिंग्ज शोधून ऐकण्यासारखी आहेत.

पुढे जायचं असेल तर

मोंतेव्हेर्दीकडे आता जा, आधी नको. 'ऑर्फेओ'चा बार्सेलोनातला २००२ चा चित्रित प्रयोग, संचालक जोर्दी साव्हाल, हे उत्तम दार आहे. मोंतेव्हेर्दीचाच दुसरा ऑपेरा 'पोप्पेआ' त्यानंतर. 'पोप्पेआ'ची हस्तलिखितं दोन आणि त्यांत बरंचसं फक्त गायकाची ओळ आणि खालचा स्वर एवढंच. बाकीचं वादकांनी भरायचं. म्हणून १९६३ चा व्हिएन्नातला करायानचा 'पोप्पेआ' आणि आजचा, मोजक्या वाद्यांचा 'पोप्पेआ' ही दोन वेगळी नाटकं वाटतात.

आणि एक ऑपेरा खास आपल्यासाठी. मेतास्तासियो या कवीने अलेक्झांडर आणि पोरस यांच्यावर, झेलमच्या काठी घडणारी संहिता लिहिली. १७३० मध्ये रोमला व्हिंचीने तिला संगीत दिलं, आणि पुढच्याच वर्षी लंडनला हँडलने, 'पोरो' या नावाने. व्हिंचीचा ऑपेरा २०२२ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटच्या बरोक महोत्सवात चेंचिचने सगळ्या पुरुष कलाकारांसह, हिंदी सिनेमाच्या थाटातल्या नाचांनिशी बसवला, आणि त्याचं चित्रणही झालं. इतिहासाशी त्याचा संबंध जेमतेम आहे, पण गाणं अव्वल.

हँडलच्या 'पोरो'चं फाबिओ बियोंदीच्या संचालनातलं ध्वनिमुद्रण मिळवा आणि पहिल्या अंकातली तीन पदं क्रमाने ऐका. आधी पोरोचं: 'मी पुन्हा कधी संशय घेतला तर...' मग राणी क्लेओफिदेचं: 'मी कधी तुझी झोप उडवली तर...' दोघंही शपथा घेतात. अंक संपताना द्वंद्वगीत येतं. त्यात तो तिची शपथ तिला, ती त्याची शपथ त्याला, त्याच शब्दांत आणि त्याच चालीत तोंडावर फेकतात. आधीची दोन्ही पदं कानात पक्की बसलेली असतील, तरच या भांडणाची धार कळेल. तेव्हा ती दोन पदं किमान तीन-तीनदा ऐकून घ्या, आणि मगच द्वंद्वगीत लावा.